सोळा घोडे आणि एक मार्गदर्शक

२ फेब्रुवारी, सोमवार

बावीस वर्षं! मेळ्याच्या मैदानावरच्या चक्रीचे सोळा लाकडी घोडे बावीस वर्षं मी रंगवतोय. आणि आज समितीच्या बैठकीत कळतं की यंदा ते ‘लोक’ रंगवणार! एक घोडा, एक कुटुंब. उपक्रमाचं नाव – ‘माझा घोडा, माझी कला’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकट्याने हात बांधून बसणं बरं दिसेना.

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी कुठून तरी एक कलासमन्वयक बाई आणल्यात. तिशीच्या असतील. दर चार वाक्यांनी टाळ्या वाजवायला लावतात. मी त्यांचं नाव टाळीबाई ठेवलंय – इथे, वहीतच. म्हणाल्या, ‘प्रत्येकात एक कलाकार दडलेला असतो!’ असेल बुवा. मी मात्र आजवर कुणाच्या तोंडात पक्कड घातलेली नाही.

मला काय? बिल्ला! ‘मार्गदर्शक’. ब्रशला हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, ‘लोकांना आवडलं तर दरवर्षी असंच करू.’ म्हणजे माझं काम गेलं. सरळ बोलायचं तर तेच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिला सांगितलं. ही शेंगा सोलत होती. ‘मग बोला की त्यांच्याशी,’ म्हणाली. मी कशाला बोलू? मला कुणी विचारलंय?

५ फेब्रुवारी, गुरुवार

घोडे चक्रीवरून उतरवून मंडपात ओळीने उभे केलेत. प्रत्येकाच्या गळ्यात कुटुंबाच्या आडनावाची पाटी. नवव्या घोड्याचा कान तुटला होता, तो मी लाकूड बसवून, पुट्टी भरून असा केलाय की कुणाला जोड दाखवता यायचा नाही. त्याची पाटी मात्र नेमकी त्या कानालाच अडकवलीय!

७ फेब्रुवारी, शनिवार

आज रंगकाम. मी बिल्ला लावून नऊ वाजता हजर. रंगाच्या बादल्या बघितल्या आणि उडालोच – डिस्टेंपर! भिंतीला देतात तो, पाण्यात कालवायचा. तो ऑइलपेंटवर, तोही न घासता! अरे, आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन हात, मध्ये एक दिवस वाळायला. हा डिस्टेंपर वाळेल, छान दिसेल, आणि घामेजलेलं माणूस बसलं की सगळा त्याच्या कपड्यांवर येईल.

मी तोंड उघडलं. ‘मॅडम, हा रंग –’

‘काका, आज सूचना नाहीत! आज फक्त प्रोत्साहन!’

टाळ्या.

बरं. मीही तोंडाला कुलूप लावलं. दिवसभर प्रोत्साहन दिलं. बँकेतल्या साहेबांच्या घरात शेपूट जांभळी की पिवळी यावरून नवरा-बायकोत अबोला झाला. शेपूट तशीच राहिली. एका वडिलांनी मुलाला एक फटकारा मारू दिला, मग ‘सरक, तुला जमत नाहीये’ म्हणून पूर्ण घोडा स्वतः रंगवला. मुलगा बाजूला बसून बिस्किटं खात होता. एक आई पोरांना तोच ब्रश त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवायला लावत होती, कारण फोटोत हसू येत नव्हतं. एका घोड्याला चष्मा काढलाय. आजोबांची आठवण म्हणे.

टाळीबाई प्रत्येकाला म्हणत होत्या, ‘अप्रतिम!’ मीही म्हणालो, ‘अप्रतिम!’ मजा वाटत होती, खोटं कशाला लिहू?

८ फेब्रुवारी, रविवार

नववा घोडा घेतलेलं कुटुंब काल आलंच नाही, घोडा तसाच राहिला, हे हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘मी जरा मैदानावर जाऊन येते.’ जा म्हटलं. चार वाजता गेली ती दिवेलागणीला आली.

११ फेब्रुवारी, बुधवार

ही रोज दुपारी मैदानावर. काय करतेस, विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मला वाटलं, टाळीबाईच्या नादी लागली. घरातलीच माणसं फितूर! रागाने जेवताना पाणीसुद्धा मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घोडे चक्रीवर चढवले. उद्या मेळा. अजून वेळ आहे – घोडे कापडाने झाकून ठेवा, एक दिवस चक्री बंद ठेवा, एवढं सांगितलं तरी पुरे. डॉक्टरांना फोन लावायला दोनदा उचलला. दोनदा ठेवला. होऊ दे एकदा फजिती. मग येतील माझ्या दाराशी, ‘काका, चुकलं, तुमचंच काम ते’ म्हणत. याची मी वाट बघतोय. लिहिताना लाज वाटत नाही, हेही लिहून ठेवतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन अकराला. ऊन रणरणतं. डॉक्टर पांढरी पँट घालून आले! निळ्या घोड्यावर बसले, हात हलवत पाच फेऱ्या मारल्या, उतरले आणि पाठ वळवून दीपप्रज्वलनाला निघाले. मागून बघणाऱ्यांत आधी कुजबुज झाली, मग एक शिट्टी वाजली. पाठोपाठ बँकेतले साहेब – त्यांची बैठक केशरी. त्यांच्या बायकोची हिरवी. तिसऱ्या खेपेपर्यंत कोण कुठल्या घोड्यावरून उतरलं हे पाठीमागूनच कळत होतं. टाळीबाई माइकवर म्हणाल्या, ‘बघा, कला आपल्यासोबत घरी येतेय!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या! वाजवताना हातही हिरवे-निळे!

मी तंबूमागे जाऊन पोट धरून हसलो.

मग एक पाच-सहा वर्षांची मुलगी दिसली. तिने घोड्याला गळामिठी मारली होती, गाल रंगाने माखलेला. घोड्याच्या मानेवर जुना रंग उघडा पडला होता. ती हुंदके देत आईला सांगत होती, ‘मी घोडा बिघडवला. मी नाही मुद्दाम केलं.’ आई म्हणत होती, ‘हळू धरायला काय झालं होतं तुला?’

माझं हसूच गेलं. मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, ‘तू नाही गं बिघडवला. मी बिघडवला. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.’ तिला काही कळलं नाही. तिच्या आईला कळलं. तिने माझा बिल्ला वाचला, मुलीचा हात धरला आणि निघून गेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मैदानावर गेलो. सगळे घोडे कोड आल्यासारखे झालेत. नववा सोडून! नवव्यावर काल शेकडो पोरं बसली असतील, पण रंगाला ओरखडा नाही. गडद लाल, आयाळ काळी, डोळ्यात पांढरा ठिपका बरोबर जागी. बोटाने घासून बघितलं. ऑइलपेंट. दोन हात. खाली प्रायमर.

घरी येऊन माझी पेटी उघडली. पॉलिश पेपर संपलेला. लहान ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, पुसून ठेवलेला – मी धुतो त्याहून स्वच्छ.

‘कुठे शिकलीस?’

‘बावीस वर्षं तुमचा डबा घेऊन येत होते. तुमचा ब्रश थांबेपर्यंत काय आभाळ बघत होते?’

‘मग त्यांना सांगितलं का नाहीस?’

‘टाळीबाईला दोनदा सांगितलं.’ टाळीबाई! हिने वही वाचलीय!! ‘म्हणाली, प्रत्येकाची शैली वेगळी. डॉक्टरांनाही सांगितलं, ते म्हणाले, मार्गदर्शकांची काही हरकत नाहीये.’

पेटीचं झाकण लावलं आणि उठलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

समितीचं पत्र आलं. सोळाही घोड्यांचं काम यापुढे दरवर्षी नवव्यासारखं नीट, ऑइलपेंटने. मी वाचून उडी मारायचीच बाकी होती. मग पाकिटावरचं नाव बघितलं. हिचं!

हिने शांतपणे पत्र वाचलं, घडी घातली. म्हणाली, ‘सोमवारी सातला निघू. घासायचं काम तुमच्याकडे. आणि माझं काही चुकताना दिसलं, तर तिथल्या तिथे सांगायचं.’