मामांच्या ब्रॅकेटचा लाल कोपरा

ती. मामांस,

अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच फेकले नसेल, तर भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? फोन उचलत नाही म्हणून लेखी विचारतो. इकडे आईची प्रकृती उत्तम आहे. माझ्याशी बोलणे तेवढे बंद आहे. जेवायला वाढते, पण ताट आपटून.

एक कोडे घालतो. आईच्या खोलीत खिडकीपाशी गिलाव्याला भेग गेली आहे. अशी तुमच्याकडेही असेल. ही भेग भिंतीच्या मधोमध का पडत नाही? नेमकी खिडकीच्या कोपऱ्यातूनच तिरकी का निघते? कारण भिंतीतला ताण वाहत्या पाण्यासारखा असतो: मोकळ्या जागी पसरतो, टोकदार कोपऱ्याशी गर्दी करतो. एवढे एक वाक्य मला पुरते समजले नव्हते, आणि त्यापायी तुमच्या वेल्डिंगच्या शेडला तीन आठवडे कुलूप आहे.

झाले ते क्रमाने सांगतो (क्रमाने सांगितल्यावाचून मला राहवत नाही, हे तुम्ही जाणताच). आमच्या पंपांच्या कारखान्यात जड पंप उचलायची चेन पुली टांगण्यासाठी तुम्ही जे काटकोनी लोखंडी ब्रॅकेट वेल्ड करून दिलेत, ते मी नव्याने शिकलेल्या पद्धतीने तपासायला घेतले. पद्धत मोठी सुंदर आहे, मामा. अख्ख्या वस्तूचे गणित कोणालाच झेपत नाही. म्हणून संगणकात तिचे हजारो छोटे तुकडे पाडायचे, ते टोकाटोकांशी जोडायचे आणि त्यांची जाळी करायची. एकेका तुकड्याचे गणित शाळकरी. वस्तू कुठे घट्ट धरली आहे आणि भार कुठे आहे, एवढे आपण सांगायचे. कोणता तुकडा किती ओढला जातो ते संगणक रंगांत दाखवतो. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे गेलाच. (सांगाल त्यावर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो. हे वाक्य लक्षात असू द्या.)

तुकडे जितके बारीक, तितके उत्तर अचूक, असे मी शिकलो होतो. तुमच्या ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात ताण आला एकशे चाळीस. लोखंडाला अडीचशेपर्यंत भीती नाही. मी तुकडे निम्मे केले: एकशे नव्वद. पुन्हा निम्मे: दोनशे साठ. आणखी निम्मे केल्यावर तीनशे साठ! पडदा लालभडक. इतका बारकाईने विचार केल्यावर मी चुकत असेन, अशी शंकाही मनाला शिवली नाही. ‘वेल्डिंगच्या कोपऱ्यात तुटण्याचा धोका’ असा अहवाल मी रंगीत छापून दिला. मालकांनी त्याच दुपारी ब्रॅकेट उतरवले आणि तुम्हाला दिलेले सगळे काम थांबवले. आई एवढेच म्हणाली, “माझ्या भावाचं काम तुझ्या पडद्यावर लाल दिसतं होय? मग पडदा बदल.” त्यानंतर ती बोललेली नाही.

शेवटी मी तो अहवाल मला ही पद्धत शिकवणाऱ्या विभागप्रमुख बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. “आणखी तुकडे करा, चारशे नव्वद येईल. वर्षभर करत बसा, आकडा वाढतच जाईल. तुम्ही काढलाय तसा धारदार कोपरा त्या लोखंडात आहे तरी कुठे?”

मी कारखान्यात जाऊन ब्रॅकेट पाहिले. धारदार कोपरा नव्हताच. तिथे गोलाई होती, तुम्ही ग्राइंडरने घासून अंगठा फिरवून तपासता तशी, मऊ. आकृती सोपी व्हावी म्हणून ती गोलाई मीच पुसली होती. (लहानपणी माझाच अंगठा धरून तुम्ही तो अशा कोपऱ्यावरून फिरवायचात.) शून्य गोलाईच्या कोपऱ्यात गणिताला ताणाची सीमाच सापडत नाही. तुमची गोलाई आकृतीत पुन्हा आखली, तेव्हा आकडा एकशे सत्तरवर येऊन थांबला. त्यानंतर कितीही बारीक तुकडे केले तरी हलला नाही.

अहवाल मी लेखी मागे घेतला आहे. मालक म्हणतात, कागद पुरे झाले, उद्या प्रत्यक्ष नेहमीच्या दीडपट वजन टांगून पाहू. माझी रात्रीची झोप उडाली आहे. क्षमा कोणत्या शब्दांत मागावी, हे अद्याप शिकलेलो नाही.

आपला,
भाचा

ता. क. पत्र टाकायचे राहिले, तेवढ्यात चाचणी झाली. तुमच्या ब्रॅकेटने दीडपट वजन तासभर पेलले. केसभरही हलले नाही.

ता. क. २. मोडला तो माझा घोडा. वजने उचलण्यापूर्वी ठेवायला मी चार पायांचा लोखंडी घोडा आखला होता. पडद्यावर तो नखशिखांत निळा होता. पाय जमिनीला घट्ट धरले आहेत, असे मी संगणकाला सांगितले होते. फरशी तेलकट आहे, हे सांगितले नव्हते. चारही पाय चार दिशांना गेले. कोणाला लागले नाही. मालक इतके हसले, की त्यांनी तुमचे काम सोमवारपासून सुरू करायच्या कागदावर हसत हसतच सही केली. आता घोडा सरळ करायला वेल्डर हवा, आणि कारखान्यातले सगळे म्हणतात, “मामांनाच बोलवा.” मीही तेच म्हणतो. याल?

ता. क. ३. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. कागदाची लांब पट्टी घ्या. एका टोकाकडे, पट्टीच्या रुंदीच्या मधोमध, कात्रीने आडवा काप द्या. दुसऱ्या टोकाकडे तेवढ्याच रुंदीचे गोल भोक पाडा. दोन्ही टोके धरून सरळ ओढा. भोकापाशी फाटली, तर येऊ नका. कापापाशी फाटली, तर फोन उचला. आई शेजारीच बसली आहे.