मानाची चटई आणि कापडी पिशवी

लोगन, ब्रिस्बेन
मंगळवार, माझ्या सुट्टीचा दिवस

गावचे थोर मानकरी, चर्चचे डीकन, बैठकीत ज्यांच्या हाती पहिला प्याला जातो ते माननीय इयाकोपो यांस,

थोरल्या बहिणीचा आदरपूर्वक नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही इकडे बरे आहोत. आपले गुडघे, लोसाचा खोकला, डुकरं आणि अळकुड्यांचा मळा, सगळ्यांना आराम असो.

मान देऊन झाला. आता ती पदवी खुंटीला टांग, इयाकोपो, आणि नीट बस. तुझा शेंबूड मी पुसलेला आहे, पानभर 'आपण आपण' मला जमायचं नाही.

पहिली अडचण अशी की हे पत्र आरोग्याबद्दल आहे आणि तू माझा भाऊ आहेस. भावाबहिणीने एकमेकांच्या कानावर काय घालू नये हे आईने आपल्याला झाडूने शिकवलंय, ते मी पन्नाशीत मोडणार नाही. म्हणून तसलं जे काही आहे ते तुझ्या बायकोसाठी, लोसासाठी, वेगळ्या बंद चिठ्ठीत लिहिलंय. ती तू उघडायची नाही. तुला मी फक्त मानेच्या वरचं सांगेन.

झालं असं की इथे एक मोठी परिषद भरली. समलिंगी, ट्रान्स, मुलगा म्हणून जन्मून बाईसारख्या जगणाऱ्या आपल्याकडच्या फाफाफिने, अशा सगळ्यांच्या आरोग्याची आणि बिरादरीची. मोठ्या हॉटेलात, दोन दिवस. आपली लानुओला ही परिषद भरवणाऱ्यांपैकी एक. (हो, लानुओला. तिच्या जन्मावेळी तू ठेवलेलं नाव मी लिहीत नाही, पोरीने मला बंदी घातली आहे आणि मी ती पाळते. तूही पाळ.) तर ती मला म्हणाली, "आत्या, तू आणि काका या. नुसतं येऊन बसायचं. काही म्हणजे काही आणायचं नाही, शपथ आहे." आता तूच सांग, 'काही आणू नका' म्हणणाऱ्याच्या दारी आपल्यातलं कोण रिकाम्या हाताने गेलंय? मी नवऱ्याला, फेलेतीला म्हटलं, काही आणू नका म्हणतेय म्हणजे पाहुणे फार असणार, मोठं डुक्कर घे.

फेलेतीने मागच्या अंगणात दगड तापवून डुक्कर भाजलं. (शेजारच्या बाईने भिंतीवरून विचारलं, आग लागलीय का. तिला एक पाय दिला, गप्प झाली.) मी कपाटातून मानाची चटई काढली. आईने विणलेली, तू माझ्याबरोबर पाठवलेली, कापडासारखी मऊ. तुझ्या मनात आत्ता काय आलं ते मला कळलंय. पुढे वाच.

सकाळी नऊ वाजता आम्ही हॉटेलात शिरलो. मी पुढे, चटई उलगडून धरलेली. मागे फेलेती, कमरेला विणलेलं कापड, वर उघडा, तेल लावून चकचकीत, हातात वक्त्याची काठी. त्याच्या मागे हॉटेलच्याच ढकलगाडीवर डुक्कर. दारातल्या टेबलाशी ब्रॉन्विन नावाची एक गोड पोरगी नावाच्या पट्ट्या वाटत होती. तिने विचारलं, "नाव काय आपलं?" आता काठी हातात असलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का! फेलेतीने जे भाषण सुरू केलं, ते आकाश आणि समुद्र वेगळे झाले तिथपासून. मागे चाळीस माणसांची रांग. ब्रॉन्विन बिचारी पट्ट्यांच्या यादीत 'आकाश' शोधत होती. हॉटेलचा साहेब धावत आला, बाहेरचं अन्न आत चालत नाही म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, हे अन्न नाही, हा मान आहे. अन्न नंतर होईल." त्याला कळलं नाही. मी चटई ब्रॉन्विनच्या हातात ठेवली. तिने ती छातीशी धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला एक कापडी पिशवी दिली. आत पेन, वही आणि पाण्याची बाटली! आईने दोन वर्षं पाठ मोडून विणलेल्या चटईच्या बदल्यात पाण्याची बाटली! मी त्या पोरीला सोडलं नसतं, पण तेवढ्यात जिन्यावरून लानुओला आली.

मला वाटलं, आता पोर मरते लाजेने. एवढी शिकलेली मंडळी, डॉक्टर, सरकारी लोक, आणि मधोमध उघडा काका आणि डुक्कर. ती जिन्यातच थांबली. मग खाली आली, बूट काढले आणि त्या गालिच्यावर मांडी घालून बसली, इयाकोपो. आणि फेलेतीच्या भाषणाला उत्तर दिलं. यजमानाने द्यायचं तसं, जसंच्या तसं. एकेका घराचा मान, एकेका पदवीचा उल्लेख, क्रमाने, एकही न गाळता. तोच तुझा खालचा आवाज, मधे श्वास घ्यायची तीच तुझी लकब. सहा वर्षांची होती तेव्हापासून तूच तर तिला मळ्यात घेऊन जायचास आणि अळकुड्यांना भाषणं ऐकवायला लावायचास. शेवटी आपल्या घरावर आली. मी मनात म्हटलं, गाळेल. तिला हक्क आहे गाळायचा. तिने तुझी पदवी घेतली, पूर्ण, मागच्या पिढ्यांसकट. आणि म्हणाली, "त्या घराची मी मुलगी." रांगेतल्या चाळीस जणांना एक शब्द कळला नव्हता, पण मागचे टाचा उंचावून बघत होते. माझ्या डोळ्यांत फेलेतीचं तेल गेलं.

(डुक्कर शेवटी गाडीतळावर खाल्लं. सगळी परिषद बाहेर आली. आत डाळीचे गोळे होते, त्यांना कोणी विचारलं नाही. मांस न खाणारे सहा निघाले, त्यांनी अळकुड्या खाल्ल्या. हॉटेलचा साहेब दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा ताटली घेऊन.)

दुपारी ती मंचावर बोलली. मानेच्या वरचं तेवढं सांगते. म्हणाली, आमच्यासारखे आजारी पडले तरी दवाखान्यात जात नाहीत, कारण तिथे सगळ्यांसमोर जुन्या नावाने हाक मारतात. ती स्वतः एकदा ताप अंगात घेऊन दोन तास बसली होती. तीनदा नाव पुकारलं, ही उठली नाही, चालत घरी आली. आणि घरी मी तिला काय म्हटलं तेही तिने सांगितलं, "एवढ्याशा नावाने काय झिजतं तुझं?" तीनशे माणसांसमोर! मी त्या पिशवीत तोंड घालून बसले. चार दिवसांनी फुप्फुसात पाणी झालं म्हणून मीच तिला उचलून नेलं होतं आणि खिडकीतल्या कारकुनाला लानुओला हे नाव लिहायला लावलं होतं, काच वाजवून. तेही तिने सांगितलं. टाळ्या झाल्या. मला उभं केलं. मी म्हटलं, बसा, बसा, पुढचं होऊ द्या.

चहाला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईने तिला म्हटलं, "तुझ्या वडिलांना किती अभिमान वाटत असेल." पोरगी हसली. म्हणाली, "बाबांना हल्ली वेळ नसतो."

नऊ वर्षं तुला वेळ नाही, इयाकोपो. आपल्या गावात फाफाफिने म्हणजे काय नवल आहे? चर्चची फुलं कोण लावतं? गाणाऱ्यांना कोण शिकवतं? आपल्या आईला शेवटच्या आजारात कोणी न्हाऊ घातलं? लानुओला तुला स्वयंपाकघरात चालत होती, फुलांपाशी चालत होती. बायकांसारखी पांढरी टोपी घालून चर्चला निघाली तेवढं तुला चाललं नाही. डीकनचं नाक! भट्टीच्या तापल्या दगडांवर टाकलीस ती टोपी. मी तिथे नव्हते, पण अठरा वर्षांची पोर माझ्या दारात उतरली तेव्हा तिच्या मुठीत त्या टोपीची जळकी फीत होती. ती अजून तिच्या बायबलात आहे. मी पाहिली हे तिला माहीत नाही.

असो. इकडे हवा चांगली आहे. फेलेतीला परिषदेकडून पुढच्या वर्षीचं आमंत्रण आलंय, भाषणासाठी. मला नाही.

तुझी थोरली बहीण,
एमेलिने

ता. क. ऑक्टोबरात मुलांच्या रविवारी आम्ही तिघं येतोय. विचारत नाही, कळवतेय. त्या दिवशी आईबाप वाढतात आणि मुलं आधी जेवतात. सत्तावीस वर्षांची झाली म्हणून ती तुझं मूल व्हायची राहिली नाही. वाढायचं तू, लोसाने नाही. टोपी मी घेतली आहे. पोरीचं डोकं आपल्या आईवर गेलंय, तिसऱ्या दुकानात मापाची मिळाली.

ता. क. लोसाची चिठ्ठी तू उघडलीस ना? उघडशील हे माहीत होतं, म्हणूनच तिच्यात काही नव्हतं. कोरा कागद होता. आता तिच्यावर उत्तर लिही.

ता. क. चटईचं राहिलं. दोन दिवस ती मंचावर अंथरली होती. शेवटी परिषदेने ती लानुओलाच्या खांद्यावर घातली, म्हणजे ती घरी परत येते आहे. पण ऐक, पोरीच्या मनात वेगळंच आहे. म्हणते, मी चटई डोक्यावर घेऊन बाबांच्या दारात बसेन, ते येऊन उचलेपर्यंत. मी ओरडले, अगं, तसं माफी मागायला ज्याची चूक तो बसतो! तुझी काय चूक? म्हणाली, "आत्या, बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना नाही बसता येणार." ती बसणारच आहे, माझं ऐकत नाही. ऑक्टोबरात अंगणात ऊन फार असतं आणि आईची वीण घट्ट, आत उकडतं. लवकर उचल.