आत्याच्या कानातली शिट्टी

ती. दादास,

धाकट्या मामेभावाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींना सांग की त्यांनी पाठवलेला स्वेटर मला अगदी बरोबर बसला (म्हणजे बाह्या दुमडल्यावर). इकडे सर्व क्षेम आहे, आणि ते तुझ्यामुळे आहे, हे सांगायलाच हे पत्र.

तुझी आई, म्हणजे आमची आत्या, हिच्या कानाचं यंत्र आणल्यापासून घरात काय चाललं होतं ते मी तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. यंत्र शिट्टी मारायचं. आत्याने मान वळवली की शिट्टी, उशीला टेकली की शिट्टी. मी पडलो घड्याळजी, बारीक वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. पण मी चिमटा घेऊन जवळ गेलो की आत्या यंत्र मुठीत धरून बसायची. दुकानदाराकडे गेलो तर त्याने ते स्वतःच्या कानाला लावलं, छान ऐकू येतं म्हणाला, आणि दोष यंत्रात नसून बाईंच्या कानात आहे असा निकाल दिला. (कानात दोष आहे म्हणूनच यंत्र घेतलं, हे त्याला समजावताना माझाच घसा बसला.) मग आत्याने यंत्र डबीत ठेवून दिलं आणि चारचौघांत बसणंच सोडलं. वरच्या बिऱ्हाडात बाळ आलं, तरी ती पायरी चढली नाही. सगळा जन्म प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काढलेली ही बाई. नुसत्या रडण्यावरून मूल भुकेलं आहे की ओलं आहे ते सांगायची. म्हणाली, मला ते बाळ मुकं दिसतं रे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी न राहवून दुकानदाराचं तेवढं तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू ग्राहक संरक्षण परिषदेचं सुचवलंस. खरं सांगतो, मी मनात हसलो होतो. सरकारी परिषद म्हणजे पाण्याचे तांबे, डुगडुगणारा पंखा आणि मागील सभेचा वृत्तांत, अशी माझी समजूत. ती समजूत खोटी नव्हती; तांबे होते, पंखाही डुगडुगत होता. पण अध्यक्षबाईंनी वृत्तांत बाजूला सारून आत्याला पुढे खुर्ची दिली. आधीच स्पष्ट सांगितलं, की परिषद म्हणजे कोर्ट नव्हे. निवाडा ग्राहक आयोग करतो. ग्राहकाचा हक्क कुठे तुडवला जातो ते पाहायचं, लोकांना जागं करायचं आणि सरकारला सल्ला द्यायचा, एवढं इथलं काम. मी हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आत्याला दाखवलं. तिने वाचलं, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मला भरपाई नको. मला ऐकू यायला हवं."

सगळ्यांनी कागदांवरून माना वर केल्या. फक्त व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, एक गोरेगोमटे कापडवाले, प्रसन्नपणे मान डोलवत राहिले. (ते प्रत्येक ठरावाला अशीच मान डोलवतात, समजूतदार म्हणून त्यांची ख्याती आहे.) आत्याने पुराव्यादाखल यंत्र कानात घातलं, शिट्टी वाजली. आणि टेबलाच्या पलीकडून दुसरी शिट्टी वाजली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आत्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण कापडवाल्यांनी घाईने कानावर हात ठेवला तो तिने पाहिला. ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि बाळंतिणीचा ताप बघावा इतक्या सहजपणे तिने त्यांचे केस मागे सारले. तेच यंत्र, त्याच दुकानातलं.

कापडवाले लाजले. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, हल्ली माणसंच हळू बोलतात."

दादा, कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. अध्यक्षबाईंनी त्यांच्यासाठी सगळी चर्चा पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने घेतली. शिफारस अशी झाली, की कानाचं यंत्र चपलेसारखं खोक्यातून काढून विकू नये; गिऱ्हाइकाच्या कानाचा साचा घ्यावा, घरी वापरून बघू द्यावं, नाही जमलं तर परत घ्यावं. दुकानदाराने ऐकलं नाही तर आयोगाकडे तक्रार कशी करायची, तेही आम्हाला नीट समजावून दिलं. त्याची गरज पडली नाही. सभा संपताच कापडवाले आत्याला घेऊन थेट दुकानात गेले, आणि दोन कान एकदम समोर बघून दुकानदाराला दोष यंत्राचा असू शकतो हे पटलं.

आठवड्याभराने, साचा घेऊन केलेलं नवीन यंत्र बसवून आम्ही घरी आलो, आत्या चहा घेत होती, आणि मधेच तिने कप खाली ठेवला. वर बाळ रडत होतं. "भुकेलंय," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. मी खाली एकटाच बसून तिचा चहा पिऊन टाकला, कारण काहीतरी करणं भाग होतं. तुझे उपकार कसे फेडू?

तुझा,
घड्याळजी

ता. क. उपकार फेडण्याचा एक मार्ग सुचला आहे. आत्याला महिनाभर तुझ्याकडे ने. परिषदेने तिला ग्राहकजागृतीच्या कामात घेतलं आहे आणि ती ते फार मनावर घेते. तराजू तपासते, तारखा वाचते, कुजबुज केली तर तीही ऐकते. आमच्या गल्लीत आता आम्ही दिसलो की दुकानदार जेवायला जातात. मी साबण आणायला नदीपलीकडे जातो.

ता. क. दुसरा. पत्र आत्याने वाचलं. ती येणार नाही म्हणते. पुढे सभा आहे आणि कापडवाल्यांना आता बरंच बोलायचं असतं. तिचा निरोप असा, की इतकी वर्षं तू फोनवर जे काही बोललास त्याला तिने अंदाजाने हो हो म्हटलं, ते सगळं पुन्हा सांग. आठवत नसेल तर नुसता फोन लावून खोकलास तरी चालेल. ती ओळखेल.