पंप हवा खातोय

३ मार्च, सोमवार, सकाळी

वाचणारीने आधी चष्मा शोधावा. तो तिच्याच डोक्यावर आहे. सूनबाई, तुलाच सांगतेय. मला अक्षरं येत नाहीत, म्हणून ही रोजनिशी मी बोलायची, तू लिहायची आणि पुढे कधी मला आठवण काढावीशी वाटली तर तूच वाचून दाखवायची. काल दुधाखालचा गॅस विसरलीस, तेव्हा सविस्तर लिही. माझ्या सगळं लक्षात राहतं.

तर, लेकाने घरामागच्या शेडमध्ये मुठीएवढा पंप बनवलाय. आत दोन गिअर, दातात दात अडकवून फिरतात आणि टाकीतलं तेल ओढून पुढे ढकलतात. शनिवारी कंपनीचे साहेब तपासायला येणार. पास झाला तर वर्षभराचं काम. नापास झाला तर शेडला कुलूप आणि लेक परगावच्या कारखान्यात नोकरीला.

ती वेळ येणार नाही. मी लक्ष घातलंय. टाकीतल्या तेलात धातूचा कीस चमकताना दिसला. संत्र्याच्या मुरंब्याच्या बरणीला मी फडकं बांधते, आजवर एक मुंगी आत गेली नाही. इथेही तशीच व्यवस्था केलीय. कसली, म्हणून सूनबाईने विचारलं. म्हटलं, तू लिही.

संकल्प: लेकाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही.

४ मार्च, मंगळवार

पंप किंचाळतो. काल सकाळपर्यंत मांजरासारखा गुरगुरत होता. नात म्हणाली, आजी, याचे दात दुखतायत. पोरगी माझ्यावर गेलीय.

लेक म्हणाला, पंप हवा खातोय. म्हटलं, खाऊ दे की, शेडमध्ये कोंडून ठेवलायस त्याला. सगळ्या खिडक्या उघडल्या. मग सुनेने समजावलं की हवा खातोय म्हणजे तेलाबरोबर कुठूनतरी हवा आत ओढतोय. मग तसं सरळ म्हणावं.

खिडक्या उघड्याच ठेवल्या. कुणालातरी फायदा होईल.

५ मार्च, बुधवार, दुपारी

लेकाने सगळे जोड उघडून पुन्हा आवळले. नवं सील घातलं. किंचाळणं उलट वाढलं. जेवायला बोलावलं तर येतो म्हणाला. ताट गार झालं. सुनेने गरम केलं, पुन्हा गार झालं. सूनबाई हे लिहिताना पेन दाबतेय. कागद फाटेल गं.

मी कुठे काही बोलते? दारात खुर्ची टाकून बसलेय फक्त.

६ मार्च, गुरुवार

आज एकदाच बोलले. म्हटलं, एवढ्याशा डबीत दोघांना खेटून बसवलंस, ओरडतील नाहीतर काय? मी आणि सूनबाई एका ओट्याशी उभ्या राहिलो की आवाज होतोच. जरा मोकळं कर. तो म्हणाला, आई, गिअर आणि बाहेरच्या बॉडीमधली फट मुद्दाम केसाहून बारीक ठेवलीय. वाढवली तर तेल मागच्या मागे पळेल, प्रेशर राहणार नाही. आणि घासून काढलेला धातू परत चिकटत नाही. दुसरी बॉडी शनिवारच्या आत ओतून मिळणार नाही.

म्हटलं, तू जाण.

मग संध्याकाळपर्यंत तेच आणखी काही वेळा म्हटलं. ते बोलण्यात धरायचं नाही.

७ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी

लेकाने फट वाढवली. दुसरं काही सुचेना म्हणाला. आईचं ऐकणारा मुलगा नशिबाने मिळतो.

आवाज कमी झालाय. सून म्हणते, तुम्ही कानात कापूस घातलाय. कापूस वाऱ्यासाठी आहे, खिडक्या उघड्या आहेत.

प्रेशरचा काटा मात्र हलत नाही. लेक स्टुलावर बसून पंपाकडे बघत राहिलाय. त्याच्या वडिलांच्या उशाशी असाच बसला होता. सूनबाई, हे वाक्य खोड.

८ मार्च, शनिवार

साहेब यायच्या आधी लेकाने टाकी रिकामी केली. तेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला फडकं निघालं, दोन गाठी मारून बांधलेलं. जुन्या उशीच्या अभ्र्याचं, निळ्या फुलांचं. पंपात जोडांतून हवा जात नव्हती. फडक्यातून तेलच पोचत नव्हतं, तो उपाशी होता.

लेकाने फडकं माझ्यासमोर धरलं. म्हटलं, बघ किती कचरा अडवलाय.

फडकं काढल्यावर किंचाळणं थांबलं. आपला उपाय लागू पडला असं मी सुनेला म्हणणार होते, पण तिचं तोंड बघून राहू दिलं. साहेब आले. सज्जन माणूस, मला नमस्कार केला. काटा अर्ध्यापर्यंत चढला, तिथेच थरथरला आणि तेल तापलं तसा खाली आला. साहेब म्हणाले, डिझाइन चांगलं आहे, मग फट एवढी का ठेवली? लेक म्हणाला, माझं चुकलं.

माझं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर ऐकू आलं असतं. कापूस काढला होता.

९ मार्च, रविवार

शेडच्या खिडक्या मी लावल्या, कुलूप लेकाने लावलं. उद्या सकाळच्या गाडीने तो परगावी निघतोय. नवी बॉडी ओतायला टाकतो म्हणतो, साहेब पुन्हा बघतीलही, नक्की काही नाही. त्याला बदल हवाच होता, मीच सुचवणार होते. चार दिवस हवा खाऊन येईल.

सूनबाई, डोळे पूस आणि लिही. त्याच्याबरोबर ब्रेड दे, उकडलेली अंडी दे, आणि मुरंब्याची मोठी बरणी दे. विसरू नकोस. बरणीला फडकं बांधू नको. नुसतं झाकण लाव.