लिफ्टवाल्याचे जिने

१३ जानेवारी

झालं! नाव देऊन बसलो. आता माघार नाही — म्हणजे आहे, पण ताईसमोर नाही.

सकाळी ताईला डायलिसिसला घेऊन गेलो. आठवड्यातून तीनदा जातो. ती चार तास त्या खुर्चीत, सुया टोचलेला हात पसरून. मी शेजारच्या स्टुलावर पेपर घेऊन. आज भिंतीवर नवा कागद दिसला. केंद्रासाठी दोन यंत्रं घ्यायची आहेत, त्यासाठी मे महिन्यात डोंगर चढायचा. ज्यानं त्यानं आपापले देणगीदार गाठायचे. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई डोळे मिटूनच म्हणाली, "तू कशाला वाचतोयस? तू तर दुसऱ्या मजल्यावरही लिफ्टनं जातोस."

"माझा धंदाच तो! लिफ्ट दुरुस्त करणारा जिन्यानं गेला तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल का?"

हसली. यंत्र लावलेलं असताना ती सहसा हसत नाही. त्या भरात सही ठोकली.

घरी बायको: "डोंगर? कुणाच्या खांद्यावर बसून?"

१४ जानेवारी

वजन ९७. हा आकडा या वहीबाहेर जाणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

सरावाचा पहिला दिवस. आमची प्रमुख म्हणजे केंद्रातली नर्स. उंची जेमतेम पाच फूट, गळ्यात शिट्टी. तिचं नाव शिट्टीबाई पडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकूण अकरा जण. सगळ्यांत थोरले पोस्टमनकाका — निवृत्त, वय अडुसष्ट. "आयुष्यभर पत्रं पोचवली, आता स्वतःला पोचवतो," म्हणाले आणि निघाले. मग मला थेट शेवटीच दिसले.

तळ्याभोवती चार किलोमीटर. मी अकरावा. एक आजीबाई कुत्र्याला फिरवत होत्या, त्याही पुढे गेल्या. कुत्र्यानं वळून बघितलं!

२० जानेवारी

हे पाय माझे नाहीत. ज्याचे असतील त्यानं घेऊन जावेत.

३ फेब्रुवारी

आज एकोणीस मजली इमारतीचं काम. मशीनची खोली गच्चीवर. जोडीदार हत्यारं घेऊन लिफ्टनं गेला. मी म्हटलं, तू हो पुढे.

चौथ्या मजल्यावर घाम. सातव्यावर एका बाईंनी दार उघडलं. माझ्या छातीवर कंपनीचं नाव बघून घाबरल्या.

"लिफ्ट बंद पडली का?"

"नाही."

"मग?"

काय सांगणार? म्हटलं, "जिन्याची तपासणी." त्यांनी पाणी दिलं. देवमाणूस!

वर पोचलो तर जोडीदार ब्रेक खोलून, साफ करून, परत बसवून तयार. "मला वाटलं अडकलास कुठे."

"जिन्यात कोण अडकतं?"

"तेच म्हटलं, हा पहिलाच."

२४ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

शिट्टीबाईनं आज केंद्रात माझं ब्लडप्रेशर बघितलं. परत बघितलं. दुसऱ्या हातावर बघितलं. म्हणाली, "काय हो, गोळी अर्धी केली तरी एवढं छान?" वजन ९१. मी फुशारलो. मग ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आता परत एकदा विचारून बघा ना डॉक्टरांना. ताईंसाठी."

दोन वर्षांपूर्वी ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी पुढे झालो होतो. भाऊजींना मधुमेह, त्यांची चालणार नव्हती. म्हटलं, माझी घ्या. डॉक्टरांनी वजन बघितलं, प्रेशर बघितलं आणि म्हणाले, तुम्ही आधी स्वतःच्या सांभाळा. सगळे मला म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, तू तयार होतास हेच खूप.

मला वाईट वाटलं नव्हतं. हायसं वाटलं होतं.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अक्षरशः हलकं वाटलं, आणि घरी येऊन भरपेट जेवलो. दोन वर्षं मी ताईची एकही फेरी चुकवली नाही, लोक म्हणतात भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की मी इकडेतिकडे बघतो.

आता शिट्टीबाईनं दार उघडून ठेवलंय. बंद करता येत नाही.

२६ फेब्रुवारी

भीती वाटते. एवढंच.

१० मार्च

बायकोला सांगितलं. सगळं. हायसं वाटलं होतं तेही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. तू त्या दिवशी चारदा वाढून घेतलंस." थोड्या वेळानं: "भीती मलाही वाटते. पण तपासून तर घे. तोंड लपवून किती दिवस ताईंची ने-आण करशील?"

मग बिस्किटांचा डबा उचलला आणि शेजारणीला देऊन आली. डोळ्यांदेखत गेला!

४ एप्रिल

माझ्या तपासण्या झाल्या — रक्त, लघवी, हृदय, एक्स-रे, जे असेल ते सगळं. मी पास! आता ताईचं आणि माझं रक्त एकमेकांत मिसळून बघणार. म्हणजे तिला सांगणं भाग.

मुद्दाम डायलिसिस चालू झाल्यावर सांगितलं. ती उठून जाऊ शकत नव्हती आणि मी उठून जाणार नव्हतो.

"माझ्या पाठीमागे उद्योग केलेस?"

"समोर केले असते तर करू दिले असतेस?"

"नाही! तुला दोन मुली आहेत. तू रोज त्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोस, दोरांना लोंबकळतोस —"

"लोंबकळत नाही ताई, तिथे शिडी असते."

"मध्ये बोलू नकोस!"

पलीकडच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले, "होऊ दे, चालू दे, आमचा वेळ बरा जातोय." चार तास भांडलो. शिट्टीबाई दर अर्ध्या तासानं ताईचं प्रेशर बघायची आणि माझ्याकडे डोळे वटारायची. शेवटी सुया काढताना ताई म्हणाली, "तपासणीपुरतं हो. पुढचं पुढे." बाहेर येताना माझा दंड धरून चालली. एरवी फक्त भाऊजींचा धरते.

१३ एप्रिल, रविवार

पाठीवर वजन घेऊन टेकडी. वजन म्हणून ताईनं तिची जुनी गणिताची पुस्तकं दिली — सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं तिनं, मलाही घरी तिनंच शिकवलं, कान धरून. म्हणाली, "गणिताचं ओझं आयुष्यात पहिल्यांदाच नीट उचललंस."

वजन ८५! आज मी सहावा. पोस्टमनकाका पहिले. ते माणूस आहेत का, चौकशी करायला हवी.

२८ एप्रिल

जुळलं नाही.

रक्तगट तोच आहे. पण ताईच्या रक्तात असं काहीतरी आहे की माझी किडनी घातली तर ते त्या किडनीवर तुटून पडेल. बाळंतपणांमुळे, पूर्वी रक्त चढवलेलं असतं त्यामुळे होतं असं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी चित्राकडे बघत राहिलो. त्यांना चित्र काढता येत नाही.

ताई माझ्याकडे वळली. "म्हणजे माझं रक्त तुझ्याशी भांडतंय? पन्नास वर्षांची सवय रे, जाते होय अशी!" आणि हसायलाच लागली. डॉक्टरही हसले. मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ पूर्ण सोडून उभा राहिलो.

या वेळी हायसं वाटलं नाही. जराही नाही.

१ मे

सरावाला गेलो नाही. तीन दिवस लिफ्टनंच वर जातोय. जोडीदार काही विचारत नाही, बटण तोच दाबतो.

संध्याकाळी ताईचा फोन. "शिट्टीबाई विचारत होती. काय झालं?"

"आता कशासाठी जाऊ?"

"कशासाठी म्हणजे? दोन यंत्रांसाठी! पस्तीस माणसं ताटकळत बसतात तिथे. तू काय माझ्या एकटीसाठी चढत होतास?"

"हो."

मग म्हणाली, "मग आता बाकीच्या चौतीस जणांसाठी चढ. आणि माझी पुस्तकं परत आणून दे, नाहीतर पाठीवर घे." फोन ठेवला.

२ मे

एकोणीस मजले. नऊ मिनिटं, चाळीस सेकंद. पुस्तकांसकट.

१८ मे, रविवार

पोचलो!!

दमलोय, अक्षर लागेल तसं लागू दे. पहाटे निघालो. पहिले तीन तास गाणी म्हणत. मग गाणी बंद, मग बोलणं बंद, मग नुसते श्वास. शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा — दोन पावलं वर, एक खाली. तिथे पोस्टमनकाकांच्या बुटाचा तळ निघाला. चक्क जबडा उघडल्यासारखा! काका दगडावर बसले आणि पहिल्यांदाच म्हातारे दिसले. "तुम्ही व्हा पुढे. एवढीच होती फेरी."

माझ्या पाठपिशवीत वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, सवयच आहे. सात पट्ट्या आवळल्या, वरून चिकटपट्टी. म्हटलं, "काका, लिफ्ट दुरुस्त झाली. चला." त्यांनी पाय आपटून बघितला. "सही कुठे करू?"

आम्ही दोघं शेवटून पहिले. वर वारा एवढा की शिट्टीबाईची शिट्टी दिसत होती, ऐकू येत नव्हती. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. खाली ढग, आणि आपण त्यांच्या वर! काका रडले. मी नाही रडलो — वाऱ्यामुळे पाणी येतं डोळ्यांतून.

यंत्रांपुरती देणगी जमली आहे. दोन्ही येणार.

ताईला फोन लावला. "पोचलो." तर म्हणते, "आधी खाली उतर नीट. मग कौतुक."

२२ मे

दुपारी मशीनच्या खोलीत होतो, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. दुसऱ्या एका दवाखान्यात एक बाई आहेत. त्यांचा भाऊ द्यायला तयार, पण त्याची किडनी त्यांना चालत नाही. ताईला चालते. आणि माझी त्या बाईंना. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी, बहुतेक जुलैत. "विचार करून सांगा," म्हणाले. मी म्हटलं, "झाला."

जिन्यानं उतरलो, तडक ताईकडे गेलो, दारातच सांगितलं. तिनं मला आत ओढून बसवलं. मग म्हणाली,

"म्हणजे तिलाही तुझ्यासारखाच एक आहे."