भट्टी, दुकान आणि न तपासलेला काटा

मी, खाली सही करणारी, वय तेहेतीस, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. धोका कमी आहे असं डॉक्टर म्हणतात. कमी म्हणजे किती, ते सांगत नाहीत. दमले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

१. बँकेतली शिल्लक आईला. त्यातून तिने माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावू नये.

२. सहा वर्षं मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. राजीनामा दिला तेव्हा साहेब म्हणाले, "इंजिनिअर होऊन आता कपबश्या घडवणार?" माझा पहिला कप त्यांना द्यावा. त्याचा कान वाकडा आहे आणि तो गळतो.

३. स्कूटर दादाला. "हौस फिटली असेल तर भट्टी विक आणि नोकरीला लाग," असं तो दर रविवारी ऐकवतो. भट्टी त्याच्याकडे जाणार नाही, त्यामुळे त्याने गिऱ्हाईक शोधू नये.

४. भट्टी, चाक, दुकान आणि झिलईच्या प्रमाणांची वही माझ्या माजी भागीदारणीला, चिमटीला. झिलईतला रंग ती चिमटीने टाकायची, मी काट्यावर मोजून; तेव्हापासून हे नाव.

गेल्या वर्षी एका हॉटेलसाठी मी निळी झिलई कालवत होते. ती म्हणाली, "अगं, रंग जास्त पडतोय. दिसतंय की!"

"तुझ्या डोळ्यांना दशांश दिसतो का?"

दीडशे कप भट्टीतून काळेठिक्कर निघाले. मी म्हटलं, "तूच वरून चिमूट टाकली असशील."

"मी हातसुद्धा लावला नाही. तुझा काटा एकदा बघ ना, बाई."

"काटे बघण्यात माझी सहा वर्षं गेली. तू मला शिकवू नकोस."

तिने अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि ती गेली.

चार दिवसांनी मी काट्यावर प्रमाणित वजन ठेवलं. पाच ग्रॅमला तो तीन दाखवत होता. केव्हापासून, ते सांगता येत नाही. जगाच्या काट्यांवर शिक्के मारले, स्वतःचा काटा मात्र दुकान उघडल्यापासून तपासलाच नव्हता. चूक माझी होती. अकरा महिने मी हे तिला सांगितलेलं नाही.

५. वकील म्हणाले, मृत्युपत्र पाकिटात बंद ठेवा, मागाहून उघडतील. कलम चारने इतकं थांबू नये. त्याची प्रत मी आज दुपारी चिमटीच्या घरी स्वतः नेऊन देणार आहे. दार उघडलं नाही तर फटीतून आत सरकवीन. भट्टी नको असेल तर तिने तसं मला तोंडावर सांगावं. ती बोलत असताना मी मध्ये बोलणार नाही.

सही

साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले काका २. आमचे नेहमीचे डॉक्टर
(आम्हा दोघांनाही यातून काही मिळणार नाही. मृत्युपत्र करणारीने आमच्यासमोर सही केली.)

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा