समक्ष आल्याशिवाय शिक्का नाही

कॉटर्स बेंड, आर्कान्सा
मंगळवार, दुपार

प्रिय आर्डिथताईस,

धाकट्या वर्लीनचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? माझ्या पाठीने त्याची चौकशी केली आहे. इकडे उन्हाने टोमॅटो करपले, बाकी सगळं ठीक.

आईचं घर विकायचा कागद तू ओरेगनहून सही करून पाठवलास, तो पोचला. सोबत पिवळ्या चिठ्ठीवर तीन शब्द, 'शिक्का मारून टाक.' सहा वर्षांनी सख्खी बहीण लिहिते आणि एवढंच! (चिठ्ठी उलटून पाहिली. मागेही काही नव्हतं.) तर ताई, हा शिक्का मला मारता येत नाही. तुला वाटेल, आईचा बिडाचा तवा कोणी घ्यायचा यावरून ही बया अजून फुगून बसली आहे. तसं नाही गं. वीस वर्षं नोटरी आहे मी, आणि शिक्क्याच्या वर जो मजकूर असतो त्यात चक्क लिहिलेलं असतं, 'माझ्यासमोर समक्ष हजर झाले'. तू हजर झालीस का? हजर झाला तो पोस्टमन.

या 'समक्ष'पायी मी काय काय भोगते ते ऐक, म्हणजे राग धरणार नाहीस. माझं काम तुला ठाऊक आहे. लोकांच्या घरी कर्जाचे कागद घेऊन जायचं, ओळखपत्रावरचा फोटो आणि माणूस ताडून बघायचा, शपथ द्यायची, सह्या घ्यायच्या. गेल्या गुरुवारी डेल्बर्ट क्राउझकडे गेले. (शाळेची बस चालवायचा तो. आता निवृत्त आहे.) पाच वाजता कागद कुरियरला द्यायचे होते, आणि तीन वाजता हा गडी न्हाणीघरात आतून कडी लावून बसलेला. त्याची बायको नदीन मला पिकानच्या दाण्यांचा गोड 'पाय' कापून वाढते आहे आणि म्हणते, "बाई, तुम्ही कागद दाराखालून सरकवा. तो आतून सही करून परत सरकवेल. हात त्याचाच आहे, मी ओळखते." मी म्हटलं, नदीनबाई, मला हात नाही, तोंड बघायचं आहे. तर आतून आवाज आला, "तेच तर दाखवायचं नाही!"

भानगड अशी, की त्याची कवळी कुत्र्याने पळवली होती. परक्या बाईसमोर बोळक्या तोंडाने बसायचं नाही, हा त्याचा हट्ट. मी दाराबाहेर कपड्यांच्या टोपलीवर बसून त्याला चाळीस मिनिटं समजावलं. कायदा सांगितला, घड्याळ सांगितलं, फोटोत तरी तू कुठे हसतो आहेस, तेही सांगितलं. तो ढिम्म हलेना. शेवटी माझं डोकं फिरलं. मी माझीच वरची कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि म्हटलं, "ये भायेव. आता आफण फारखे."

(हो ताई, मला कवळी आहे. चार वर्षं झाली. तुला कुठून कळणार म्हणा.)

कडी निघाली. डेल्बर्ट बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि इतका हसला की भिंतीला टेकून उभा राहिला. मग टेबलाशी बसून उजवा हात वर करून त्याने शपथ घेतली, "फपथेवर फांगतो, फगळं खरं आहे." मी तितक्याच गंभीरपणे विचारलं, "फ्वखुशीने फही करताय ना?" नदीन बिचारी आणखी खायला आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं हुंदके दिल्यासारखं हसणं ऐकू येत राहिलं. एकशे बारा पानं झाली. दर पानावर मधल्या नावाच्या अक्षरासकट सही हवी, आणि हा ते अक्षर विसरायचा. शेवटचा शिक्का उमटवून मी कवळीकडे हात केला तर रुमाल रिकामा! कुत्रं परसात दोन्ही कवळ्या पुढ्यात घेऊन बसलेलं, आणि कुठली कोणाची, हे ओळखायला ओळखपत्र नाही. कुरियर मात्र पाचला दोन मिनिटं असताना गाठला.

तेव्हा ताई, ज्या बाईने एका सहीसाठी स्वतःचे दात पणाला लावले, तिला तू 'शिक्का मारून टाक' लिहू नयेस. घर घेणारे तीस तारखेपर्यंत थांबले आहेत. त्याआधी इकडे ये.

तुझी धाकटी,
वर्लीन

ता. क. : वर एक गोष्ट दडवली. तू आलीस तरी त्या कागदावर शिक्का मला मारता येणार नाही. घरात माझाही हिस्सा आहे, आणि स्वतःच्या कागदावर नोटरीला शिक्का मारता येत नाही.

ता. क. २ : दुसरीही दडवली. तुझ्या कोपऱ्यावरच्या बँकेतही नोटरी बसते. मी फोन करून विचारलं. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणाली. पण घर एकदा गेलं की तुला इकडे यायला काही कारणच उरणार नाही, आणि मला ते सोसायचं नाही. म्हणून तुझा सही केलेला कागद मी ठेवून घेतला आहे.

ता. क. ३ : तवा तुझा. कालच घासून, तेल लावून ठेवला. पोस्टाने पाठवणार नाही. समक्ष हजर होऊन घेऊन जा.